सारखे नग

"सही देते," मॅडम म्हणाल्या, "पण त्याआधी रविवारी मला तलावावर ने."

मी अर्ज पुढे धरून उभी होते, ती तशीच उभी राहिले. मला वाटलं होतं की मॅडम समजूत काढतील, नाहीतर रागावतील. त्या दोन्हीची उत्तरं मी घरून पाठ करून आले होते. तलावाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

"तलावावर कायले?"

"तूच म्हणालीस ना वर्गात, आमच्या तलावातले मासे मोजता येतात, तुमचे अणू मोजता येत नाहीत. मला ते मोजणं बघायचंय."

म्हणाले होते खरी. आदल्या दिवशी चाचणीचे पेपर मिळाले होते. रसायनशास्त्रात मला पंचवीसपैकी तीन होते आणि ते तीनसुद्धा जोड्या लावण्याचे होते. मॅडम तिसऱ्यांदा तोच धडा समजावत होत्या. बारा ग्रॅम कार्बनमध्ये जेवढे अणू, तेवढ्या कणांचा एक मोल. वर्ग माना डोलवत होता. "कळलं?" "होऽऽ मॅडम." माझ्या डोक्यात तीन दिवस जे कुजत होतं ते बाहेर आलं. मी उभी राहून म्हटलं, "बाराच कायले? दहा का नाही? आणि दिसत नाहीत ते अणू मोजले कोणी? आमच्या तलावातले मासे तरी मोजता येतात." वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. "कसे मोजता मासे?" असं त्यांनी विचारलं आणि तेवढ्यात घंटा झाली.

मी घरी जाऊन कला शाखेचा अर्ज लिहिला. शाखा बदलायची शेवटची तारीख सोमवार होती आणि प्राचार्यांनी अट घातली होती की ज्या विषयामुळे जाता, त्या विषयाच्या शिक्षकाची सही आणा.

हे सगळं सोपं वाटेल, पण माझा जीव त्यात अडकला होता. मी धीवराची पोर. आमच्या बोडीटोल्यात दरवर्षी मत्स्यबीज केंद्राची जीप यायची, तिच्यातून एक साहेब उतरायचे आणि माझ्या बाबांना, ज्यांनी अख्खा जन्म पाण्यात काढला त्यांना, मासे कसे वाढवायचे ते सांगायचे. बाबा "हाव जी, हाव जी" करत ऐकायचे. मी सातवीत असतानाच ठरवलं होतं की एक दिवस त्या जीपमधून मी उतरेन. त्यासाठी सायन्स लागतं, हे त्या साहेबांनीच हसत हसत सांगितलं होतं. दहावीला गावात पहिली आले. आणि अकरावीच्या पहिल्याच धड्याने मला चारी मुंड्या चीत केलं.

बाबा म्हणाले, "जाऊ दे वो देवांगना. आर्ट्स घे. डोक्सं नको खराब करू." त्यांचं बरोबर होतं. पण रात्री पांघरूण डोक्यावर घेऊन मी रडले, हे त्यांना माहीत नव्हतं.

आता मॅडमबद्दल सांगते. त्रिशला मगदूम, वय पंचवीस-सव्वीस, गाव कोल्हापूरकडे शिरोळ तालुक्यात. राज्याच्या त्या टोकाहून या टोकाला, भंडाऱ्याच्या जंगलात, रसायनशास्त्र शिकवायला आल्या होत्या, कारण आमच्या ज्युनियर कॉलेजात त्याच वर्षी सायन्स सुरू झालं होतं. जातीने जैन. कांदा-लसूण नाही, दिवस मावळल्यावर जेवण नाही. आणि देवाची करणी अशी, की कॉलेजाजवळ कडी-कुलपाची खोली होती ती फक्त आमच्याकडे, धीवर मोहल्ल्यात, जिथे अंगणात सुकट वाळत असते. पहिले पंधरा दिवस बाई नाकाला पदर लावूनच दिसल्या. माझ्या मायने त्यांच्यासाठी वेगळी भांडी राखेने तीनतीनदा घासून ठेवली होती. "बिचारी उपाशी मरन," असं म्हणून ती सुकट मागच्या दारी वाळवायला लागली. मोहल्ल्यात त्यावरून चेष्टा व्हायची, "मगदूमबाईने तुमचे मासे हाकलून देल्ले."

मला मात्र मॅडमचा राग होता. कारण गावात सगळ्यांना ठाऊक होतं की सायन्सची तुकडी चालायला वीस पोरं लागतात आणि आम्ही बरोब्बर वीस होतो. एक कमी झालं की तुकडी बंद, आणि तुकडी बंद म्हणजे मॅडमची नोकरी बंद. त्यामुळे त्या मला खोलीवर बोलावून शिकवायच्या, चहा द्यायच्या, "तुला येईल गं" म्हणायच्या, तेव्हा मला वाटायचं, माझ्यासाठी नाही, विसाव्या पोरीसाठी चाललंय हे. तलावावर ने म्हणाल्या तेव्हाही मी मनात म्हटलं, घ्या, वेळ काढून राहिल्या आहेत. सोमवार उलटला की झालं.

शनिवारी संध्याकाळी मॅडमचे धाकटे भाऊ आले. सुकुमार त्यांचं नाव. महाराष्ट्र एक्स्प्रेसने कोल्हापूरपासून अख्खं राज्य आडवं पार करून आले होते. डोळे लाल, अंगावर कोळशासारखी धूळ आणि हातात मोठी रिकामी बॅग. अंगणात पाऊल टाकलं आणि त्यांनी रुमाल नाकाला लावला. मी दारातून पाहत होते.

"अक्का, कसं गं राहतीस हितं?"

"सवय झाली," मॅडम म्हणाल्या. "आधी पाणी पी."

पुढचं बोलणं त्यांनी दार लोटून केलं. मध्ये एकदा भावाचा आवाज चढला, "आई दाराकडं डोळं लावून बसलीया!" मग परत शांत झालं. रिकाम्या बॅगेचा अर्थ मी माझ्या परीने लावला. म्हटलं, भावाला कळलेलं दिसतंय की नोकरी जाणार, सामान न्यायला आलाय.

रविवारी उजाडता उजाडता आम्ही तलावावर गेलो. बीज सोडायचं काम उन्हं तापायच्या आत उरकावं लागतं. जीप पहाटेच पिशव्या टाकून गेली होती. मोठ्या प्लास्टिकच्या पिशव्या, अर्ध्या पाण्याने आणि अर्ध्या ऑक्सिजनने फुगवलेल्या, आणि आत बोटभर लांबीचे मासे. त्यांना आमच्याकडे बोटुकली म्हणतात. पिशव्या काठाशी पाण्यात तरंगत ठेवल्या होत्या, म्हणजे आतलं पाणी आणि तलावाचं पाणी सारखं गार होतं. एकदम सोडलं तर मासा दचकतो आणि मरतो.

मॅडमनी चपला काठावर काढल्या, साडी जरा वर खोचली आणि चिखलात उतरल्या. बाबा घाबरले.

"मॅडमजी, तुमी कायले उतरता चिखलात? तिकडे दगडावर बसा ना जी."

"बसायला नाही आले काका. हे सगळे जिवंत आहेत ना?"

"जिवंत नाही त काय? मेलेले कोन सोडन?"

"मग मी हात लावला तर चालेल?"

बाबांनी एक पिशवी सोडून त्यांच्यापुढे धरली. बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा मासा हातात घेतला असेल. तो वळवळला तशा "अगंबाई" म्हणून त्या ओरडल्या आणि त्यांनी तो चटकन पाण्यात सोडला. मग तो गेला त्या दिशेला बघत राहिल्या. मला राहवलं नाही.

"मॅडम, दिवाळीनंतर हाच बाजारात जाईल."

"जाईल. आज तर जगला ना?" त्या म्हणाल्या आणि पदराला हात पुसला. "चल, आता मोजणं दाखव."

आमच्या सोसायटीचा नियम असा होता की तलावात तीन जातींचे मासे सारख्या संख्येने सोडायचे. कटला वरच्या पाण्यात खातो, रोहू मधल्या पाण्यात, मिरगल तळाशी. कोणी कोणाच्या ताटात हात घालत नाही. एखादी जात जास्त झाली की तिची उपासमार आणि आपलं नुकसान. बारीक बीज असतं तेव्हा चाळणीच्या वाटीने मोजतात. त्या वर्षी बीज उशिरा आलं होतं, मासे मोठे झाले होते, वाटीत मावत नव्हते. म्हणून बाबांनी काटा आणला होता. बादलीत पाणी घेऊन वजन करायचं, मग त्यात जाळीने मासे टाकायचे, वजन वाढलं तेवढे मासे.

मॅडमनी तिन्ही जातींच्या पिशव्या बघितल्या आणि बाबांना म्हणाल्या, "सोपं आहे की काका. प्रत्येकी चार-चार किलो सोडा. सारखे होतील."

सोसायटीचे दोन-तीन लोक होते, ते फिस्सकन हसले. बाबांनी बाईमाणसाला हसायचं नाही म्हणून मिशीवर हात ठेवला. मला मात्र भारीच वाटलं. तीन मार्कांचा वचपा काढायची संधी चालून आली होती.

"मॅडम, आमी मासे सोडतो, वजन नाही सोडत. चार-चार किलो केले त मिरगलच मिरगल होतील आन कटले होतील थोडेसे."

"का?"

"कटला केवढा हाय पाहा. मिरगल काडीसारखा. चार किलोत कोण जास्त मावन?"

"बरं. मग सारखे कसे करायचे? एकेक मोजायचा?"

"एकेक मोजत बसलं त अर्धे हातातच मरतील." मी बाबांकडे बोट दाखवलं. "बाबा पाहा काय करून रायले."

बाबांनी घरचा छोटा तराजू काढला होता. एका पारड्यात ओलं फडकं, त्यावर कटल्याची दहा बोटुकली. दुसऱ्या पारड्यात ओलं फडकं, त्यावर मिरगल टाकत गेले, पारडी बरोबरीला येईपर्यंत. आली. बाबांनी मिरगल पटापट मोजत पाण्यात टाकले, तीस होते. मग रोहूचे दहा ठेवले. त्यांना वीस मिरगल लागले.

"झालं," बाबा म्हणाले. "एक कटला म्हंजे तीन मिरगल. एक रोहू म्हंजे दोन. देवांगना, मिरगल दोन किलो घे, रोहू चार, कटला सहा."

मी बादली लावली. मॅडम माझ्या शेजारी येऊन उकिडव्या बसल्या. साडीचा काठ चिखलात गेला होता, त्यांचं लक्ष नव्हतं.

"आता दोन किलो मिरगल झाले," त्या म्हणाल्या. "नग किती?"

"कोणाले मालूम?"

"कटले सहा किलो. ते किती नग?"

"तेही नाही मालूम. मोजले कोणी?"

"मग सारखे आहेत हे कशावरून म्हणतेस? मोजले नाहीत, किती आहेत ठाऊक नाही, आणि सारखे आहेत म्हणे!"

मला हसूच आलं. "कमाल करता मॅडम. एकेक कटला तीन मिरगलांएवढा जड हाय ना? मग कटल्याचं वजन तीनपट घेतलं की नग सारखे होनारच. किती का असेनात. मोजायचं कामच काय? वजनच सांगते की..."

आणि मी तिथेच अडकले. जाळी हातात तशीच राहिली. तिच्यातून पाणी गळत होतं आणि चार मिरगल उड्या मारत होते.

"देवा, मासे मरतील!" बाबा ओरडले. मी जाळी बादलीत उलटी केली.

 मॅडमचा चेहरा असा झाला होता की आता बोललं तर काहीतरी उडून जाईल.

"मॅडम," मी म्हटलं, "सगळ्यात हलका अणू कोणता?"

"हायड्रोजन."

"म्हणजे तो मिरगल."

"हो."

"आणि ऑक्सिजन?"

"हायड्रोजनच्या सोळापट जड."

"मग एक ग्रॅम हायड्रोजन घेतला आणि सोळा ग्रॅम ऑक्सिजन घेतला..." माझा आवाज मलाच ओळखू येईना, "त नग सारखे!"

"कार्बन?"

"कार्बन बारापट असेल! म्हणून बारा ग्रॅम! बारा कोणी ठरवले नाहीत, त्याचं वजनच तेवढं हाय. आणि सोळा ग्रॅम ऑक्सिजन, बारा ग्रॅम कार्बन, एक ग्रॅम हायड्रोजन, सगळ्या ढिगांत नग तेवढेच. त्या नगांचं नाव मोल!"

"आणि तो लांबलचक आकडा?"

"तो असू दे ना! तो कोणीतरी मागून मोजला असेल."

"मागूनच मोजला," मॅडम हसत म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि त्या ते लपवत नव्हत्या. "पुष्कळ मागून. त्याआधी कितीतरी वर्षं लोक आकडा माहीत नसताना कामं करत होते. तुझ्या बाबांसारखी. आता सांग, पाणी बनवायचंय. एका ऑक्सिजनला दोन हायड्रोजन."

मी पाण्यात उभी राहून विचार केला. एका कटल्याला दोन मिरगल. "सोळा ग्रॅम ऑक्सिजनला दोन ग्रॅम हायड्रोजन. पाणी होईल अठरा ग्रॅम."

बाबा इतका वेळ ऐकत होते. ते म्हणाले, "पानी कायले बनवता वो? येवढा तलाव भरला हाय त."

मी इतकी हसले की चिखलात बसले. मॅडमही हसल्या. तीन दिवस नव्हे, पंधरा दिवस माझ्या छातीवर धोंडा होता, तो निघून गेला होता. असं वाटत होतं की कोणी आता मला अख्खं पुस्तक उघडून समोर धरावं. त्यानंतर मी खूप शिकले, पण शिकण्यातला तेवढा निर्भेळ आनंद पुन्हा दोनचारदाच मिळाला असेल. मॅडमना तो प्रत्येकी चार किलोचा हिशेब खरंच तसा वाटला होता, की मला बोलतं करायला त्यांनी तो मुद्दाम चुकीचा सांगितला, ते मी कधी विचारलं नाही. विचारायची गरज वाटली नाही.

सगळं बीज सोडून झालं. मॅडमनी हात धुतले आणि म्हणाल्या, "अर्ज आणलायस?"

मी पिशवीतून काढला. खरं तर मी तो विसरूनच गेले होते.

"पेन?"

तेही होतं. मॅडमनी उपड्या बादलीवर कागद ठेवला आणि झपझप सही केली. बाबा बघतच राहिले.

"मॅडमजी, पोरीले आता समजलं ना जी? आन एकोणीस झाले त तुमची..."

"ठरलं होतं काका. तिने तलाव दाखवला, मी सही दिली. आता द्यायचा की नाही ते तिचं तिने बघावं."

खरं सांगायचं तर मला ते लागलं. मला वाटलं होतं त्या म्हणतील, आता कशाला जातेस? एक शब्द त्या म्हणाल्या नाहीत. ज्या बाईची नोकरी माझ्या एका कागदावर अडकली आहे, ती अशी सहज सही कशी करते? माझा सगळा हिशेब कुठेतरी चुकत होता.

दुपारी सुकुमारदादा परत निघाले. गोंदियाहून गाडी पकडायची होती. मायने मला त्यांना एसटीच्या थांब्यापर्यंत सोडायला पाठवलं. आणलेली मोठी बॅग रिकामीच परत चालली होती, वाऱ्याने पायावर आपटत होती.  अर्ध्या वाटेत ते म्हणाले, "तूच नव्हं ती पोरगी? आर्ट्सला जाणारी?"

"हो."

"अक्कानं सही दिली म्हणं सकाळी."

"दिली."

"मग उद्या देऊन टाक बाई तेवढा अर्ज." ते थांबले आणि माझ्याकडे वळले. मोठा माणूस माझ्यासारख्या पोरीपुढे हात जोडेल असं मला वाटलं नव्हतं, पण त्यांनी जोडले. "माझ्या अक्काला सोडीव."

मला काही उमजेना. "पण मी अर्ज दिला त त्यांची नोकरी जाईल."

"जाऊ दे की! तीच तर जायला पायजे. कुणी सांगितलं तुला, ही नोकरी तिला पायजे म्हणून? आमच्या गावापास्नं चार मैलांवर कॉलेजात जागा निघालीया. पगार हितल्या दुप्पट. आठ दिवसांत हजर व्हायचंय. पण हितल्या संस्थेनं तिच्याकडनं लिहून घेतलंय, तुकडी चालू हाय तोवर दोन वर्षं सोडून जायचं नाही. तिची सगळी ओरिजनल सर्टिफिकेटं ऑफिसच्या कपाटात कुलपात हाईत. तुकडी बंद पडली तरच ती मोकळी." त्यांनी रुमालाने कपाळ पुसलं. "मी तर बॅग घिऊनच आलतो. म्हटलं, एक पोरगी जाणार हाय, आता काय अडचण? काल रात्री म्हणाली, सुकुमार, मी त्या पोरीला आधी एकदा शिकवून बघते. मी म्हटलं, अगं, नाही शिकली तर तुझाच फायदा हाय. तर म्हणाली, म्हणूनच."

एसटी आली. दादा चढले, खिडकीत बसले आणि गाडी सुटेपर्यंत माझ्याकडे बघत राहिले. रागाने नव्हे. त्या नजरेत एक विनंती होती.

मी परत निघाले. रस्ताभर काय काय डोक्यात येत होतं ते सांगता येणार नाही. पंधरा दिवस मी ज्या चहाला स्वार्थाचा म्हणत होते, तो चहा देताना ती बाई रोज स्वतःच्या हाताने स्वतःच्या घराची वाट बंद करत होती. मी नापास होत राहिले असते तर ती सुटली असती. नुसतं गप्प बसायचं होतं. आई-बापांनी माझ्यासाठी जे केलं ते केलंच, पण ते माझे होते. ही माझी कोण होती? आज मी मत्स्यबीज केंद्र चालवते, जीपमधून उतरते, आणि माझ्या टेबलाशी कोणी तरुण अधिकारी "मॅडम, कळलं" म्हणून मान डोलवतो तेव्हा मी त्याला थांबवते, "खरंच कळलं का रे?" एवढी मला सवय लागली ती तिथून. त्यांच्या उपकाराची फेड होणार नाही आणि मला ती करायचीही नाही. मला त्यांच्या ऋणात राहायला आवडतं.

पण त्या दिवशी घरी पोचेपर्यंत मी काहीतरी वेगळंच ठरवलं होतं.

मॅडम दिवस मावळायच्या आत जेवून घेत होत्या. खोलीच्या दारात बसल्या होत्या, पुढ्यात ताट, भात आणि वरण. मला बघून म्हणाल्या, "मिळाली का गं गाडी त्याला?"

"मिळाली. मॅडम, मी उद्या अर्ज देते."

त्यांचा घास हातातच राहिला. "का? सकाळी तर सगळं कळलं तुला."

"कळलं. पण तुम्ही जा मॅडम. तुमची आई वाट पाहते. दादांनी सांगितलं मले सगळं." आता मात्र मला रडू फुटलं. "तुम्ही सांगितलं का नाही? मी कधीच दिला असता अर्ज."

"म्हणूनच नाही सांगितलं. सांगितलं असतं तर तू मोल समजून घ्यायचा सोडून मला समजून घेत बसली असतीस." त्यांनी ताट बाजूला केलं, हात धुतला आणि पुढे केला. "बघू तो अर्ज."

मी दिला. त्यांनी तो पहिल्यांदाच नीट वाचला असावा. तलावावर तर न वाचताच सही केली होती.

"काय लिहिलंयस हे? 'मला रसायनशास्त्र हा विषय समजत नाही, सबब शाखा बदलून मिळावी.'" त्यांनी वर बघितलं. "समजत नाही?"

मी खाली मान घातली.

"अठरा ग्रॅम पाण्यात ऑक्सिजन किती?"

"सोळा."

"त्यात ऑक्सिजनचे नग किती?"

"एक मोल."

"आणि हायड्रोजनचे?"

"दोन मोल," मी रडत रडत म्हटलं.

"मग हे खोटं झालं की गं," मॅडम म्हणाल्या. अगदी साध्या आवाजात, वर्गात चूक दाखवावी तसं. "काल खरं होतं. आज खोटं झालं. आईला दोन वर्षं वाट बघायला सांगता येईल मला, पण धडधडीत खोट्या कागदाखाली माझी सही राहिलेली नाही चालायची. पेन दे इकडे."

मी पेन दिलं. त्यांनी कागद उंबऱ्यावर ठेवला आणि स्वतःचं नाव आडव्या रेघेने खोडून टाकलं.